चेहरा शेवटी बघा : इम्प्रेशनिस्ट चित्रातलं निवांत माणूस कसं वाचायचं

घोडबंदर रोडला कुठल्याही नव्या कॉम्प्लेक्समधल्या फ्लॅटमध्ये जा, सोफ्यामागच्या भिंतीवर एक मोठं कॅनव्हास प्रिंट असतंच. बुद्ध, सात घोडे आणि गणपती यांच्यानंतर नंबर लागतो मोने नाहीतर रन्वार या इम्प्रेशनिस्ट चित्रकारांच्या (एकोणिसाव्या शतकातला पॅरिसचा ग्रुप, डोळ्यांना दिसणारा उजेड भराभर रंगात पकडणारा) कुठल्यातरी बाईचा. बागेत बसलेली, मांडीवर पुस्तक, फिकट ड्रेस, अंगावर उन्हाचे ठिपके. पाहुणा म्हणतो वा, मस्त, कोणाचंय? घरातलं कोणीतरी मोबाइलवर शोधून नाव सांगतं आणि विषय तिथेच संपतो, कारण पुढे बोलणार काय, बाई बसलीय, काहीच करत नाहीये. लढाई असती, द्रौपदी असती, निदान एखादी बैलगाडी तरी असती तर दोन वाक्यं सुचली असती.

तर ही काहीच न करणारी माणसं वाचायची कशी, त्यासाठी मी जे करते ते इथे सांगते. मी काही आर्ट हिस्टरीची प्राध्यापक नाही, ठाण्यात राहते, चित्रं बघायची खोड आहे एवढंच, आणि ओरिजिनल बघायला पॅरिस-वॉशिंग्टनचा योग येईल तेव्हा येईल, तोवर म्युझियमांच्या वेबसाइट आहेत की. मुद्द्याची गोष्ट आधीच सांगून टाकते म्हणजे कोणी अर्ध्यात सोडलं तरी हरकत नाही: चेहरा सगळ्यात शेवटी बघा.

हे उलटं वाटेल, कारण आपली सवय नेमकी याच्या विरुद्ध आहे. आपले डोळे तयार झालेत रविवर्म्याच्या चित्रांवर आणि त्यावरून निघालेल्या कॅलेंडरांवर. पायातला काटा काढायचं निमित्त करून मागे वळून बघणारी शकुंतला घ्या. गोष्ट आपल्याला आधीच पाठ, दुष्यंत चित्राच्या बाहेर कुठेतरी आहे हेही माहीत, मग तिची नजर कुठे वळलीय ते बघितलं की काम झालं, आणि रविवर्म्याने तो चेहरा इतका नितळ, इतका पूर्ण रंगवलाय तो त्यासाठीच. गंमत म्हणजे रविवर्म्याचा जन्म १८४८ चा, मोने १८४० चा, त्याच ग्रुपमधल्या चित्रकार बायका मोरिझो १८४१, कसाट १८४४, म्हणजे सगळी एकाच पिढीची माणसं, पण तिकडच्या मंडळींनी चेहऱ्यावरचं हे ओझं काढूनच टाकलं. त्यांच्याकडे बऱ्याचदा चेहरा हाच चित्रातला सगळ्यात कमी रंगवलेला भाग असतो, ब्रशचे चार फटके, डोळ्यांच्या जागी नुसती सावली, आणि त्याच बाईच्या स्कर्टवर मात्र रंगांची दंगल चाललेली असते. त्या चार फटक्यांकडे टक लावून ही उदास आहे का, कोणाची वाट बघतेय का, असं कोडं घालत बसलं तर हाती काही लागत नाही, आणि लागलं तर ते आपणच चिकटवलेलं असतं.

म्हणून सरळ एक छोटी पोस्ट-इट घ्या आणि स्क्रीनवर त्या बाईच्या चेहऱ्यावर चिकटवा. खरंच करा, हसू नका.

आधी चित्र नीट समोर आणा

फॉरवर्ड होऊन आलेला फोटो चालणार नाही, त्याचे रंग कोणी कोणी वाढवलेत देव जाणे. ज्या म्युझियममध्ये ते चित्र आहे त्याच्या स्वतःच्या साइटवरची मोठी इमेज उघडा, वॉशिंग्टनची नॅशनल गॅलरी ऑफ आर्ट तर मोठ्या फाइल फुकट डाउनलोड करू देते. शक्यतो लॅपटॉपवर. आणि नाइट मोड, आय कम्फर्ट, स्क्रीन पिवळट करणारं जे काय सेटिंग असेल ते आधी बंद करा. किरकोळ वाटेल पण या चित्रांतलं अर्धं काम निळ्या-जांभळ्या रंगात झालेलं असतं आणि नाइट मोड नेमका निळाच खातो, रात्री अकरा वाजता पलंगावर पडून मोने बघितला तर सावल्या मातकट दिसणार आणि तुम्ही म्हणणार यात काय विशेष.

दुसरं म्हणजे साइझ बघा, चित्राखाली सेंटिमीटरमध्ये दिलेलं असतं. कसाटचं ज्या चित्राबद्दल पुढे बोलायचंय ते ८९.५ बाय १२९.८ सेंटिमीटर आहे, म्हणजे जवळजवळ तीन फूट उंच आणि सव्वाचार फूट रुंद, आणि मोनेचं 'वसंत' म्हणून जे बागेतलं चित्र आहे ते ५० बाय ६५.५, म्हणजे दोन हातांत सहज धरता येईल एवढंच. स्क्रीनवर दोन्ही सारखीच दिसतात. मेजरिंग टेप काढा, हॉलच्या भिंतीवर मास्किंग टेपने तेवढा चौकोन आखा आणि त्याच्यासमोर उभे राहा. एक चित्र तुम्हाला खोलीत ओढतं, दुसऱ्याकडे तुम्हाला वाकून जावं लागतं, हा फरक अर्थाचाच आहे.

आणि प्रिंट काढून फ्रेम करायचीच असेल तर फ्रेमवाल्याला दोनदा बजावा की कडा कापायच्या नाहीत. "मॅडम तीन बाय दोनमध्ये बसवतो, साइडचं जरासं जाईल" हे वाक्य ठाण्यात काय नि वाशीत काय, सगळीकडे ऐकायला मिळतं. या चित्रकारांनी कडेला काय अर्धं ठेवायचं आणि काय पूर्ण, यावर डोकं लावलेलं असतं, जपानी छापचित्रं पॅरिसमध्ये यायला लागल्यावर तर जास्तच. अर्धी खुर्ची कापलेली दिसते ती चूक नसते, ती फ्रेमवाल्याने पूर्णच उडवली तर खोलीच बदलते.

वजन कुठे पडलंय

आता एकच चित्र घेऊन बसू. मेरी कसाट, अमेरिकन बाई, पॅरिसमध्ये राहून चित्रं काढायची. १८७८ चं चित्र, निळ्या आरामखुर्चीतली छोटी मुलगी, आता वॉशिंग्टनला आहे.

पोस्ट-इट लावली ना? आता स्क्रीनपासून सात-आठ फूट मागे या आणि डोळे किलकिले करा, इतके की बारीकसारीक काही दिसता कामा नये. काय उरतं? निळा. निळ्या रंगाचे मोठमोठे ढेकळं असावेत तसे आकार, त्यांच्या मधे जमिनीचा एक राखाडी-तपकिरी वाकडातिकडा तुकडा, एका खुर्चीत पांढरट डाग आणि दुसऱ्या खुर्चीत छोटासा काळपट डाग. म्हणजे चित्राची जास्त जागा मुलीने घेतलेलीच नाही, फर्निचरने घेतलीय. हे पुढे जाऊन बघितलं तर कळणारच नव्हतं, कारण पुढे गेलं की आपण लगेच मुलगी, फ्रॉक, बो असं मोजायला लागतो.

आता पुढे या आणि मुलीचं वजन शोधा. निवांत माणसाच्या चित्रात माझ्या मते हा सगळ्यात कामाचा प्रश्न: या शरीराचं वजन कशावर पडलंय? उभ्या माणसाचं वजन पायांवर, त्यात काही विचारण्यासारखं नाही, पण बसलेल्या, टेकलेल्या, लोळलेल्या माणसाचं वजन कुठे कुठे वाटलं गेलंय त्यावरून तो आराम कुठल्या जातीचा ते कळतं. ही मुलगी खुर्चीत बसलेली नाही, खुर्चीत घसरलीय. पाठ मागे, कंबर पुढे, एक हात डोक्यामागे, पाय फाकलेले आणि जमिनीला न टेकणारे, फ्रॉक वर सरकलेला. शाळेतून आल्यावर दप्तर भिरकावून पोरं सोफ्यावर पडतात तशी.

दार लावा आणि स्वतः त्या पोझमध्ये बसून बघा. हा उपाय मला सगळ्यात आवडतो आणि लोक सगळ्यात जास्त टाळतात. मिनिटभरात कळेल की मान कुठे अवघडते, कंबर कुठे सुटते, हात डोक्यामागे नेला की कोपराचं काय करायचं ते सुचत नाही. हे 'आता छान बस हं, चित्र काढायचंय' म्हटल्यावर मिळणारं बसणं नाही. त्या काळी श्रीमंताघरच्या मुलांची पोर्ट्रेट म्हणजे ताठ पाठ, हातात फूल नाहीतर बाहुली. १८७८ च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात अमेरिकन विभागाने हे चित्र नाकारलं, आणि कसाटला त्याचा संताप आला होता. पुढच्याच वर्षी, १८७९ ला, ती इम्प्रेशनिस्टांच्या ग्रुपबरोबर प्रदर्शनात उतरली.

आता तो काळपट डाग. तो कुत्रा आहे, छोटासा, तशाच निळ्या खुर्चीत गाढ झोपलेला. एकसारख्या दोन खुर्च्या, एकसारखं कापड, आणि त्यात दोन वेगळे आराम. कुत्र्याने अंग आवरून घेतलंय, वजन सगळं खाली, त्याला कुठेच जायचं नाही. मुलीने अंग पसरलंय, हात वर, पाय लोंबते, वजन अजून कुठेच स्थिर झालेलं नाही. एक विश्रांती घेतंय आणि दुसरी कंटाळलीय, आणि हे आपण अजून चेहऱ्यावरची पोस्ट-इट न काढता ओळखलंय.

तसंच नजर किती उंचीवर आहे ते बघा. जमीन वर चढत गेल्यासारखी, सोफे अंगावर आल्यासारखे, कडेला कापलेले. मोठं माणूस उभं राहून या खोलीकडे बघत नाहीये, बघणाऱ्याचे डोळे पोराच्याच उंचीवर कुठेतरी आहेत, आणि म्हणून मोठ्यांच्या मापाच्या त्या खुर्च्या एवढ्या अजस्र वाटतात. मागच्या भागावर तिचा चित्रकार मित्र एदगार देगाने स्वतः हात चालवला होता, कसाटने नंतर एका पत्रात ते लिहूनही ठेवलंय. काही लोक यावरून लगेच 'मग चित्र देगाचंच की' म्हणून मोकळे होतात, त्यांना सोडून द्या.

सावलीचा रंग विचारा

हे शिकायला चित्राची गरजच नाही. दुपारी दोन-अडीचला पाचपाखाडीत नाहीतर वर्तकनगरच्या आतल्या एखाद्या गल्लीत झाडाखाली रिक्षा लागलेली असते, ड्रायव्हर मागच्या सीटवर आडवा, पाय बाहेर काढून झोपलेला. (स्टेशनबाहेर शोधू नका, तिथे कोण निवांत असणार.) लांबून बघा, फोटो काढू नका, झोपलेल्या माणसाचा फोटो काढणं बरं नाही. त्याचा खाकी शर्ट खाकी आहे हे विसरा आणि प्रत्येक ठिकाणी रंग खरंच कुठला दिसतोय ते बघा. पानांमधून ऊन गुडघ्यावर पडलंय तिथे जवळजवळ लिंबट पांढरा. पोटावर, सावलीत, काळा नाही तर राखाडी-निळसर. सीटचं रेक्झिन लाल असेल तर कोपराखाली लालसर झाक. बाहेरच्या हिरव्या पत्र्याजवळ पाऊल असेल तर टाचेवर हिरवट. एका खाकी शर्टात एवढे रंग, आणि आपल्याला विचारलं तर आपण छातीठोकपणे सांगणार, खाकी होता.

उघड्यावरची सावली निळसर का असते तर तिथे थेट ऊन पोचत नाही पण निळ्या आकाशाचा उजेड पोचतो, शिवाय आजूबाजूच्या वस्तूंवरून उडालेला रंग येऊन पडतो. पावसाळ्यात जांभळी नाक्याच्या बाजारात निळ्या ताडपत्रीखाली उभं राहून भाजीवालीचे हात बघा, वांगी सोडाच, टोमॅटोसुद्धा वेगळे दिसतात. आणि शेजारशेजारचे दोन रंग एकमेकांना बदलतात हे शेव्हरल नावाच्या फ्रेंच केमिस्टने १८३९ लाच पुस्तक काढून मांडलं होतं, निळ्याच्या बाजूला नारिंगी ठेवला की दोघंही जास्त पेटतात वगैरे. १८४१ मध्ये रंगाच्या धातूच्या ट्यूब निघाल्या, मग रंग घेऊन बाहेर जाणं सोपं झालं, आणि ही मंडळी बाहेर बसून जे दिसतंय ते लावायला लागली.

लोकांना ते झेपलं नाही. रन्वारने १८७५-७६ च्या सुमारास झाडाखालच्या उन्हात एका उघड्या अंगाच्या तरुणीचा अभ्यास केला, अंगावर पानांची सावली, म्हणून कातडीवर हिरवट, जांभळट पट्टे. इम्प्रेशनिस्टांच्या १८७६ च्या प्रदर्शनात ते बघून फिगारो पेपरचा समीक्षक आल्बेर वोल्फ भडकला आणि त्याने लिहिलं की हे म्हणजे हिरव्या-जांभळ्या डागांचं सडत चाललेलं मांस आहे. त्याला कातडीचा रंग हवा होता, रन्वारने कातडीवर पडलेला उजेड दिला होता. येऊरच्या गेटच्या आत सकाळी अकराच्या सुमारास झाडाखाली स्वतःचा हात पुढे धरून बघा आणि मग ठरवा कोण बरोबर होतं.

आता मोनेचं ते बागेतलं चित्र उघडा, १८७२ चं, हल्ली बाल्टिमोरच्या वॉल्टर्स म्युझियममध्ये असतं. बायको कामीय लायलॅकच्या झुडपाखाली गवतावर बसून वाचतेय, ड्रेसचा घेर चहूबाजूंनी पसरलेला. झूम करा, पण चेहऱ्यावर नाही, घेरावर. लांबून फिकट दिसणाऱ्या त्या कापडात गुलाबी आहे, निळसर आहे, पिवळट आहे. आणि उन्हाचे ठिपके बघा, स्कर्टवर जसे आहेत तसेच गवतावर, तोच फटका, जवळपास तोच आकार. म्हणजे मोनेने उजेड वाटताना माणूस आणि गवत असा भेदच केलेला नाही. मग 'ती बागेत बसलीय' हे वाक्य थोडं अपुरं पडतं, बागही तिच्यावर येऊन बसलीय. ती पुस्तकात इतकी बुडालीय की तिला ते कळत नाही, आणि हे सांगायला मला तिच्या चेहऱ्यावरचे भाव लागले नाहीत, स्कर्टवरचे ठिपके पुरले.

ब्रश किती घाईत होता

इथे थोडक्यात. झूम करून कडा बघा, म्हणजे माणूस संपतो आणि मागचं सुरू होतं ती रेघ. कुठे धारदार आहे, कुठे विरघळलीय? विरघळलेली कड म्हणजे माणूस आणि जागा एकमेकांत मुरलेत. धारदार कड म्हणजे चित्रकाराला तिथे तुम्हाला थांबवायचंय.

बर्थ मोरिझोचं लंडनच्या नॅशनल गॅलरीतलं 'उन्हाळ्याचा दिवस', १८७९ चं, यासाठी उत्तम. पॅरिसच्या बागेतल्या तळ्यात बोटीत बसलेल्या दोन बायका. ब्रश असा नागमोडी, झिगझॅग फिरलाय की पाणी कुठे आणि कपडे कुठे ते काही ठिकाणी सांगता येत नाही. तलावपाळीला ज्यांनी बोटिंग केलंय त्यांना हे पटकन कळेल, बोटीत बसलेलं माणूस शांत दिसतं पण अंग सतत जरासं सावरत असतं, खाली काहीच स्थिर नसतं. मोरिझोने ते सावरणं बायकांच्या पोझमध्ये नाही, ब्रशच्या वेगात ठेवलंय. अर्धवट राहिलंय, घाईत केलंय असं म्हणणारे तेव्हाही होते, आताही असतात. ग्रुपमधलाच पिसारो उलट, १८८१ ची त्याची काडी हातात घेऊन बसलेली शेतकरी मुलगी बघा, छोटे छोटे फटके, एकावर एक, सबुरीने लावलेले, तिथे आराम जड आहे, अंगमेहनत करणाऱ्या माणसाचा आहे.

कोण बघतंय, आणि नाव कोणी ठेवलं

मोरिझो आणि कसाटच्या चित्रांत सारखी घरं, बागा, बाल्कन्या, पाळणे, बोटी का? काही लोक म्हणतात बायकी विषय. अहो, त्या काळच्या पॅरिसमध्ये चांगल्या घरच्या बाईने एकटीने कॅफेत जाऊन बसणं शक्यच नव्हतं, तर ती कॅफे रंगवणार कुठून? देगा आणि एदुआर माने (मोने नव्हे, हा वेगळा चित्रकार) जाऊ शकत होते, त्यांनी रंगवले. म्हणून निवांत माणसाचं चित्र बघताना हे विचारायचंच की चित्रकार कुठे बसलाय, त्याला तिथे बसायची परवानगी होती का, आणि समोरच्या माणसाला आपल्याकडे कोणी बघतंय हे माहीत आहे का. मोरिझोने बहीण एद्माला कितीदा तरी बसवलंय, पाळण्याजवळ, गवतावर. तिथे बघणारी घरातलीच आहे, म्हणून समोरची सावरून बसत नाही.

देगाच्या कॅफेत तसं नाही. १८७५-७६ चं ते प्रसिद्ध चित्र, बाई आणि बाजूला दाढीवाला पुरुष, समोर हिरवट दारूचा ग्लास. बाईचे खांदे पडलेले, पाय सैल, दोघंही फ्रेमच्या एका बाजूला सरकवलेली, आणि टेबलांना पायच नाहीत, संगमरवराच्या फळ्या नुसत्या तरंगतायत. हे एकदा दिसलं की डोळ्यांसमोरून जात नाही. इथे वजनाचा प्रश्न विचारा, टेकायला काहीच भरवशाचं नाही. पण "दारूने वाया गेलेली बाई" हे तुम्ही चित्रात वाचलं की नावात? आधी हे चित्र 'कॅफेत' अशा साध्या नावाने ओळखलं जायचं, 'अ‍ॅबसिंथ' हे दारूचं नाव चिकटलं ते १८९३ मध्ये लंडनला प्रदर्शनात त्यावरून गदारोळ झाला तेव्हा. आणि ती बाई म्हणजे एलेन आंद्रे नावाची अभिनेत्री, तो पुरुष मार्सेलें देबुतें, स्वतः चित्रकार. दोघं पोझ देत होती हो.

तेव्हा नावाची पाटीसुद्धा झाका. मानेचं तर नावच 'विश्रांती' आहे, १८७१ च्या आसपासचं, सोफ्यावर अर्धवट रेलून बसलेली बर्थ मोरिझो, तीच, चित्रकार. माने कधी इम्प्रेशनिस्टांच्या प्रदर्शनात उतरला नाही पण सगळी त्याची दोस्तमंडळी. नाव वाचून बघितलं तर वाटतं हो, बाई आराम करतेय. नाव झाकून वजन बघितलं तर वेगळंच, एक पाऊल ड्रेसखालून पुढे आलेलं, एक हात सोफ्यावर लांबवलेला, आणि डोक्यावर भिंतीवर टांगलेल्या जपानी छापचित्रात लाटांचा नुसता गोंधळ. ही बाई दोन मिनिटांत उठेल. १८७३ च्या सरकारी प्रदर्शनात लोकांनी या बसण्याची टिंगल केली, त्यांना विश्रांती म्हणजे नीट विश्रांती हवी होती.

आता पोस्ट-इट काढा

एवढं सगळं झाल्यावर चेहरा. आणि चेहऱ्यालाही भाव विचारू नका लगेच. चेहरा उजेडात आहे की सावलीत, बाकी अंगापेक्षा जास्त रंगवलाय की कमी, आणि नजर कशावर आहे, वस्तूवर, आपल्यावर, की कशावरच नाही, एवढं बघा.

कसाटची मुलगी. डोळे खाली झुकलेले, कुठे बघतेय सांगता येत नाही, आपल्याकडे तर नाहीच. आपण खोलीत आलोय याची तिला पर्वा नाही. हे चेहऱ्याने दिलं खरं, पण पाय लोंबते आहेत, खुर्ची मोठी आहे, कुत्रा झोपलाय, खोलीत तिच्यासाठी काहीच नाही हे आधी कळलं नसतं तर आपण तिला 'गोड, विचारात हरवलेली' म्हणून मोकळे झालो असतो. आता तसं म्हणवत नाही. ती हरवलेली नाही, तिला कोणीतरी इथे बसवून ठेवलंय.

चरित्र, तारखा, कोण कोणाची कोण, हे याच्याही नंतर. कसाटने थोरली बहीण लिडियाला बाकावर शाल लपेटून बसवलेलं एक चित्र केलंय, 'शरद', १८८०, पॅरिसच्या पेती पॅले म्युझियममध्ये. लिडियाला किडनीचा आजार होता, १८८२ ला ती गेली. हे आधी वाचलं की चित्रात आजाराशिवाय काही दिसतच नाही, शाल म्हणजे आजार, गळलेली पानं म्हणजे आजार. आधी चित्र बघितलं तर दिसतं की त्या शालीवर रंगांचे फटके नुसते पेटलेत आणि चेहरा त्यांच्यात फिका, गप्प आहे. मग चरित्र वाचा, ते त्या फरकावर जाऊन बसतं.

शेवटी मोठ्याने एक वाक्य बोला ज्यात 'कारण' हा शब्द आहे. "ही कंटाळलीय कारण पाय टेकत नाहीत आणि हात कुठे ठेवायचा ते ठरत नाही." 'कारण'च्या पुढे रंग, वजन, कड, उजेड यातलं काही आलं तर वाचन चाललंय. 'कारण'च्या पुढे "मला तसं वाटलं" आलं तर परत मागे जाऊन डोळे किलकिले करा. दोघं-तिघं मिळून बघत असाल तर प्रत्येकाने आधी कागदावर लिहा आणि मग वाचून दाखवा, नाहीतर जो पहिला बोलतो त्याचंच सगळ्यांना दिसायला लागतं.

ऑइल पेंट जवळून कसा दिसतो हेच माहीत नसेल तर एखाद्या रविवारी फास्ट लोकल पकडून सीएसएमटीला उतरा आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटांच्या संग्रहातली युरोपियन चित्रं बघून या. तिथे इम्प्रेशनिस्ट शोधत फिरू नका, जुन्या पद्धतीचं गुळगुळीत काम बघायला जा, कातडी कशी घोटून घोटून रंगवलीय, सावलीत तपकिरी कसा भरलाय ते बघा, म्हणजे या लोकांनी नेमकं काय सोडून दिलं ते घरी येऊन स्क्रीनवर जास्त कळेल.

सुरुवात कसाटच्या निळ्या खुर्चीपासून करा, त्यात शोधायला भरपूर आहे आणि दिसतंही पटकन. मग मोनेची बाग, मग मोरिझोची बोट. मानेची 'विश्रांती' त्यानंतर. देगाच्या कॅफेत सगळ्यात शेवटी जा, तिथे नावाने आणि लोकांनी केलेल्या बोभाट्याने आधीच इतकं सांगून ठेवलंय की डोळे तयार नसतील तर तेवढंच दिसतं.